दिवसाची बाँबफेक
दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या कारखान्यांवर उजेडी, नेम धरून बाँब टाकण्याची पद्धत. ब्रिटिशांनी ती लवकर सोडली: १८ डिसेंबर १९३९ रोजी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर पोहोचलेल्या २२ वेलिंग्टन बाँबफेकी विमानांपैकी १२ गमावल्यावर त्यांचा कल रात्रीकडे वळला. १९४२ पासून इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने मात्र दिवसाचाच हट्ट धरला. बी-१७ ही त्यांची चार इंजिनांची बाँबफेकी विमाने दाटीवाटीने उडाली, तर त्यांच्या मशीनगनच त्यांचे रक्षण करतील, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला.

बी-१७ मध्ये बहुधा दहा जण असत. २५,००० फुटांवर उणे ४० अंशांची थंडी. बाजूचे गनर तर उघड्या खिडक्यांशी उभे. उघडा हात बंदुकीला लागला की कातडी चिकटे. श्वासातल्या ओलाव्याने प्राणवायूची नळी गोठून तुंबे आणि माणूस नकळत बेशुद्ध पडे, म्हणून दर काही मिनिटांनी इंटरकॉमवर एकेकाची हजेरी घेत. विमानाच्या पोटाखालच्या गोल, फिरत्या बुरुजातला गनर गुडघे वर घेऊन बसे. तिथे पॅराशूटलाही सहसा जागा नसे.

जर्मन लढाऊ विमाने समोरून चाल करून येत, कारण सुरुवातीच्या बी-१७ ची नाकाकडची बाजू लंगडी होती. त्याहून वाईट म्हणजे लक्ष्याआधीची शेवटची काही मिनिटे. नेमयंत्र ऑटोपायलटला जोडलेले, विमान बाँब टाकणाऱ्याच्या हाती, आणि खाली ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा. वळायचे नाही, उंची बदलायची नाही.

जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट शहराच्या बॉल-बेअरिंग कारखान्यांवर १४ ऑक्टोबर १९४३ रोजी निघालेल्या २९१ विमानांपैकी ६० परतली नाहीत. १७ ऑगस्टच्या श्वाइनफुर्ट-रेगेन्सबुर्ग मोहिमेतही ६०च गेली होती. रक्षणासाठी सोबत येणारी थंडरबोल्ट लढाऊ विमाने इंधनाअभावी जर्मनीच्या पश्चिम सीमेवरच्या आखेनच्या आसपासून माघारी फिरत. त्यापुढे बाँबफेकी विमाने एकटी. ऑक्टोबरनंतर जर्मनीच्या आत खोलवर बिनसोबतीने जाणे थांबले.

उपाय साधा होता: लढाऊ विमानांच्या पंखांखाली, रिकाम्या झाल्यावर टाकून देता येणाऱ्या जादा इंधनटाक्या. इंग्लंडमध्ये त्या दाबलेल्या कागदाच्याही बनवल्या. अशा टाक्या लावलेली मस्टँग लढाऊ विमाने मार्च १९४४ मध्ये थेट बर्लिनपर्यंत सोबत गेली. हानीचे प्रमाण घटले, तशी घरी जाण्यासाठी पुऱ्या करायच्या फेऱ्यांची संख्या २५ वरून ३० आणि मग ३५ करण्यात आली. युद्ध संपेपर्यंत आठव्या हवाई दलाचे सुमारे २६,००० जण मरण पावले.