घटपर्णीच्या ओठावरचं पाणी आणि प्रयोगशाळेतलं तेल

उभ्या काचेवर मुंगी चढते ती नख्यांच्या बळावर नाही; गुळगुळीत काचेत नखी अडकायला जागाच नसते. तिथे कामाला येते दोन नख्यांमधली मऊ गादी. पाऊल टेकून ओढलं की गादी उलगडते आणि तिच्यातून पाझरणारा तेलकट द्रव काच व पाय यांच्यात पसरतो. या थराची जाडी साधारण 100 नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) दहावा भाग. एवढा पातळ असल्यामुळेच तो पकड देतो. थर जाड झाला, किंवा दुसऱ्या द्रवाने जागा आधीच बळकावली, तर तोच पाय घसरतो.

घटपर्णी ही कीटकभक्षी वनस्पती नेमका याचाच फायदा घेते. तिच्या घड्याच्या तोंडाभोवती रुंद, वळलेला ओठ असतो. त्यावर आतल्या बाजूला उतरणाऱ्या बारीक धारा असतात आणि प्रत्येक धारेवरच्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या, आतल्या दिशेने पायऱ्या करत गेलेल्या दिसतात. हा पृष्ठभाग पाण्याने पूर्ण भिजतो. त्यावर थेंब थेंबाच्या रूपात राहत नाही, पसरून सलग पापुद्रा होतो.

होल्गर बोन आणि वॉल्टर फेडेर्ले या संशोधकांनी 2004 मध्ये ‘नेपेंथिस बायकॅल्करॅटा’ या जातीच्या ओठावर ओंबील मुंग्यांचं घर्षण मोजलं. पाण्याच्या पापुद्र्याने फक्त गादीची पकड सुटते, नख्यांवर त्याचा परिणाम होत नाही. नख्यांचा बंदोबस्त पायऱ्या करतात: आत घसरताना नखीला अडकायला कड मिळत नाही, बाहेरच्या दिशेने मिळते. दोन वेगळ्या अवयवांसाठी दोन वेगळे उपाय, आणि दोन्ही एकाच ओठावर! ओठ कोरडा असेल तर मुंग्या त्यावरून निर्धास्त ये-जा करतात, मधुरस पिऊन परतही जातात. झाडाचा यात तोटा नाही. सुखरूप परतलेली मुंगी वारुळातल्या इतर मुंग्यांना घेऊन येते आणि तोवर पाऊस पडला किंवा दव साचलं, तर एकदम मोठा घास मिळतो. ओठ मुद्दाम सतत ओला ठेवला, तेव्हा मुंग्यांचे असे घोळके सापडण्याचं प्रमाण घटलं.

बऱ्याच जातींच्या घड्याची आतली भिंत मात्र वेगळ्या पद्धतीने काम करते. तिच्यावर मेणाचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यामुळे गादीला टेकायला फार थोडी जागा उरते. काही जातींत ते सुटून पायाला चिकटतात. मुंग्या पाळणाऱ्या प्रयोगशाळांत डब्याच्या आतल्या काठाला टेफ्लॉनचे सूक्ष्म कण असलेल्या पांढऱ्या द्रवाचा पट्टा लावतात, तो याच जातकुळीतला. पट्टा चारेक सेंटिमीटर रुंद असावा, पूर्ण वाळू द्यावा आणि नंतर त्याला बोट लावू नये. बोट पुसटसं लागलं किंवा पाण्याचा ओघळ आला की तिथेच मुंग्यांना वाट सापडते. दमट हवेतही हा पट्टा निकामी होतो. म्हणजे ओठाला ओलावा हवा आणि पट्ट्याला कोरडेपणा.

2011 मध्ये हार्वर्डमधल्या जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने ओठाची युक्ती उचलली, पण पाण्याऐवजी तेल वापरलं. सच्छिद्र टेफ्लॉनच्या पातळ पडद्यात फ्लोरिनयुक्त वंगण मुरवलं आणि वर द्रवाचा सलग थर राहू दिला. त्यावरून पाणी, हलकी तेलं, रक्त असे द्रव किंचित उतारावरही ओघळून गेले. मुंगीचा पायही टिकला नाही. पृष्ठभागाला ओरखडा पडला तर तेल वाहून येऊन क्षणात तो भरून निघतो.

यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात. वंगण छिद्रांत आपोआप मुरून तिथेच राहिलं पाहिजे. घन पृष्ठभागाला पाण्यापेक्षा वंगणच जास्त प्रिय असलं पाहिजे. आणि वंगण व वर पडणारा द्रव एकमेकांत मिसळता कामा नयेत. काच किंवा ॲल्युमिनियम घेतलं तर ते आधी खडबडीत करून त्यावर फ्लोरिनयुक्त सिलेनचा (पृष्ठभागाला घट्ट बांधलं जाणारं सिलिकॉनचं संयुग) लेप द्यावा लागतो. ही पायरी गाळली तर दुसरी अट मोडते: पाणी हळूहळू तेलाखाली शिरतं आणि थेंब जागीच अडकतो.

तेल किती घालायचं? हिशेब सोपा आहे: 1 चौरस सेंटिमीटरवर 10 मायक्रॉनचा थर हवा तर 1 मायक्रोलिटर. 50 मायक्रॉन जाडीच्या, निम्म्या पोकळ पडद्याला भरायला आणखी 2.5 मायक्रोलिटर. थेंब टाकून पसरू द्यायचा, मग नमुना उभा करून जास्तीचं निथळू द्यायचं. कमी पडलं तर खडबडीची टोकं वर डोकावतात आणि थेंबाची मागची कड तिथे अडकते. तिरप्या पृष्ठभागावर 10 मायक्रोलिटरचा थेंब सोडून बाजूने पाहिलं की हे लगेच कळतं. जास्त झालं तर थेंबाभोवती तेलाची कडी उभी राहते आणि प्रत्येक थेंब थोडं तेल घेऊन जातो.

मुख्य अडचण याच गळतीची. सिलिकॉन तेल तर पाण्याच्या थेंबावर चढून त्याला पांघरूणच घालतं. पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभाग आक्रसून घेणारी ओढ) मीटरला 72 मिलिन्यूटन. तेलाचा सुमारे 20 आणि तेल-पाणी सीमेवरचा सुमारे 40, मिळून 60. बेरीज 72 पेक्षा कमी, म्हणून पांघरूण घालण्यातच ऊर्जेची बचत होते आणि थेंब गेला की तेलही जातं. शिवाय वाहत्या पाण्याचा जोर थर खरवडतो आणि हलकं तेल उडून जातं. झाडाला ही चिंता नाही, कारण मधुरस हवेतला ओलावा ओढत राहतो आणि पापुद्रा पुन्हा तयार होतो.

हाच पुनर्भरणाचा गुण आणण्यासाठी सिलिकॉन रबर तेलात बुडवून फुगवतात. वरचं तेल कमी झालं की आतलं झिरपून येतं. मात्र तेल रबरात भिनलं की रबर मऊ पडतं आणि सहज फाटतं, त्यामुळे साठा वाढवायचा की मजबुती राखायची, हे प्रत्येक वापरासाठी वेगळं ठरवावं लागतं.