मोटर रेसमधली अनपेक्षित कामगिरी

ज्या ड्रायव्हरकडून, खरं म्हणजे ज्या गाडीकडून, कुणी काहीच धरलेलं नसतं तिनं रेस मारणं, पहिल्या तिनात येणं नाहीतर क्वालिफायिंगला, म्हणजे रेस सुटायची रांग ठरवणाऱ्या फेरीला, सगळ्यांच्या पुढं लागणं, याला ढोबळपणे अनपेक्षित कामगिरी म्हणतात. फॉर्म्युला वनमध्ये ही जास्त उठून दिसते कारण तिथं प्रत्येक टीम आपली गाडी आपण बनवते, गाड्यांत फरक मोठा असतो, चांगल्या गाडीतला बेताचा ड्रायव्हर साध्या गाडीतल्या भारी ड्रायव्हरला आरामात मागं टाकतो आणि सीझनभर हे असंच चालतं. मग एखाद्या रविवारी ते सगळं उलटं होतं आणि लोक पुढं वीस वर्षं तेच बोलत बसतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शर्यत म्हटलं की आधी बैलगाड्यांची. तिथं कुणी ऐकलेली नसलेली जोडी पहिली आली की लोक आधी विचारतात, नाववाली गाडी पलटी झाली काय, पट्टी चुकली काय, आणि त्याचं उत्तर नाही असं आलं तरच जोडीचं कौतुक. मोटर रेसमधले निकाल तपासायलाही हीच पद्धत बरोबर आहे. पुढचे बाद झाले म्हणून मागचा जिंकला, की मागच्याकडं खरंच त्या दिवशी वेग होता, हा पहिला प्रश्न. या नोंदीत उदाहरणं त्याच हिशोबानं घेतलीत, त्यामुळं काही गाजलेले निकाल इथं खाली उतरलेले दिसतील.

मल्ल्याची गाडी

या भागात एफ-वन बघणाऱ्यांची जी पिढी आहे तिच्यासाठी या विषयाची सुरुवात ३० ऑगस्ट २००९ पासून होते, बेल्जियममधल्या स्पा सर्किटवर. फोर्स इंडिया ही विजय मल्ल्याची टीम, म्हणजे बेंगळूरचा मालक, गाडीवर तिरंग्याचे रंग, आणि २००८ चा अख्खा सीझन एकही पॉइंट नाही, २००९ मध्येही तोवर शून्यच. त्या गाडीतनं जियानकार्लो फिसिकेलानं शनिवारी पोल, म्हणजे रांगेतली पहिली जागा, घेतली. "काय गा, बघितलास काय, मल्ल्याची गाडी पहिली लागलीय" असे फोन त्या संध्याकाळी बेळगावात बरेच फिरले, आणि निम्म्या लोकांना वाटलं बाकीच्यांना काहीतरी पेनल्टी लागली असणार. तसं काही नव्हतं. पाऊस नव्हता, कुणाची पेनल्टी नव्हती, साधा सरळ टाइम होता.

रविवारी पहिल्याच लॅपला, म्हणजे फेरीला, मागं धडक झाली, जेन्सन बटन, हॅमिल्टन, ग्रोजां आणि आल्गेर्सुआरी बाहेर, सगळ्यांना आपल्या मागं हळू चालवणारी सेफ्टी कार आली. ती आत गेल्यावर किमी रायकोनेननं फेरारीतलं केर्सचं बटन दाबलं, म्हणजे ब्रेकिंगमधनं साठवलेली जादा ताकद, आणि केमेल स्ट्रेटवर, म्हणजे लांब सरळ रस्त्यावर, पुढं निघून गेला. फोर्स इंडियात केर्स नव्हतं. तिथनं शेवटपर्यंत फिसिकेला त्याच्या मागं चिकटून होता आणि ०.९३९ सेकंदानं दुसरा आला. आठ पॉइंट, टीमचे पहिलेच.

यात बघायची गोष्ट अशी की फिसिकेला पुढच्याच रेसला फेरारीत गेला आणि उरलेल्या पाच रेसमध्ये त्याला एकही पॉइंट मिळाला नाही, आणि इकडं इटलीतल्या मोंझाला फोर्स इंडियात आद्रियान सुटिल दुसरा क्वालिफाय होऊन चौथा आला. म्हणजे गाडीच अशा लांब स्ट्रेटच्या, कमी विंगच्या (म्हणजे हवेनं गाडी दाबून धरणारे पंख कमी लागणाऱ्या) सर्किटला जमणारी होती, मागं मर्सिडीजचं इंजिन. तरी माझ्या मते हीच सगळ्यात अस्सल, कारण इथं वरनं काही पडलं नाही, तो स्वतःच्या वेगानं शेवटपर्यंत पुढच्या दोघांत राहिला आणि हरला तोसुद्धा केर्सच्या एका बटनापायी.

असं होतं कशामुळं

पाऊस हे पहिलं कारण. कोरड्या ट्रॅकवर इंजिनची ताकद आणि हवेचा दाब गाडीला जमिनीला धरून ठेवतो त्यावर सगळं चालतं, ओल्या ट्रॅकवर ती ताकद कुणालाच पूर्ण वापरता येत नाही, एक्सलरेटर किती दाबायचा हे ज्याच्या पायाला कळतं तो पुढं जातो. वर टायर कधी बदलायचा हा जुगार आहेच, ट्रॅक वाळत असताना एक लॅप आधी किंवा एक लॅप उशिरा आलात की दहा-पंधरा सेकंद इकडचे तिकडं. युरोपातल्या रेस आणि आपला पावसाळा एकाच वेळी येतो, त्यामुळं इथं बऱ्याच ओल्या रेसचा शेवट लाईट गेल्यामुळं दुसऱ्या दिवशी पेपरातच वाचायला मिळायचा, ते आता मोबाईलमुळं सुटलं.

दुसरं सेफ्टी कार आणि लाल झेंडा. सेफ्टी कार आली की कमावलेलं अंतर शून्य होतं, आणि तिच्या जरा आधी ज्यानं पिट स्टॉप, म्हणजे टायर बदलायचा थांबा, उरकलेला असतो त्याची चंगळ. लाल झेंड्यात रेसच थांबते आणि टायर फुकटात बदलून मिळतो. तिसरं कारण टायरची कंपनी किंवा त्या दिवसाचं तापमान, याबद्दल लोक कमी बोलतात पण १९८३ च्या लाँग बीच रेसचं सगळं रहस्य तेच आहे. जॉन वॉटसन २२ व्या आणि निकी लाउडा २३ व्या नंबरवरून सुटले, दोघेही मॅक्लारेनचे, आणि पहिला-दुसरा आले. मिशेलिनचे टायर क्वालिफायिंगला चालत नव्हते, रेसला चालले, एवढंच. एफ-वनमध्ये इतक्या मागनं सुटून जिंकण्याचा तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही.

मोनॅको

मोनॅको वेगळं काढून लिहायला पाहिजे कारण तिथं रस्ता अरुंद, ओव्हरटेक जवळजवळ अशक्य, आणि भिंत हातभर अंतरावर. १९८४ ला भर पावसात आयर्टन सेना नावाचा नवा पोरगा टोलमन या किरकोळ गाडीतनं १३ वा सुटला आणि पुढच्या प्रॉस्टला गाठायच्या बेतात असताना रेस थांबवली. त्याच्याही मागं स्टेफान बेलॉफ टिरेलमधनं शेवटच्या, विसाव्या जागेवरून तिसरा आलेला आणि तो सेनाच्या जवळ येत होता, हे बरेच जण विसरतात. (टिरेलचे त्या वर्षीचे सगळे निकाल नंतर रद्द झाले.) रेस निम्म्यात थांबली म्हणून पॉइंट निम्मे, प्रॉस्टला नऊच्या जागी साडेचार मिळाले, आणि वर्षाच्या शेवटी तो लाउडाकडनं अर्ध्या पॉइंटानं चॅम्पियनशिप हरला. रेस पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते.

१९९६ चं मोनॅको हे नशिबाचं उदाहरण म्हणून सांगतात. ऑलिव्हिए पानिस, लिजिए गाडी, १४ वा सुटलेला. शुमाखर पहिल्याच लॅपला भिंतीत, डेमन हिल पुढं असताना इंजिन गेलं, शेवटी धावत राहिल्या गाड्या तीन. दुसऱ्या आलेल्या कूल्टहार्डनं तर शुमाखरचं जादाचं हेल्मेट घातलेलं, स्वतःच्या हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत होती म्हणून. एवढं ऐकलं की वाटतं लॉटरीच लागली. पण त्याच सकाळच्या वॉर्म-अपला, म्हणजे रेसआधीच्या सरावाला, सगळ्यात फास्ट कोण होतं तर पानिस, क्वालिफायिंगला गाडीनं दगा दिला म्हणून तो १४ वा होता. टायर त्यानं वेळेवर बदलले, आणि फेरारीच्या अर्विनला हेअरपिनला, म्हणजे एकदम उलट फिरणाऱ्या वळणाला, ढुशी देऊन मागं टाकला, जिथं दुसरं कुणी विचारही करत नव्हतं. लिजिए १९८१ नंतर पहिल्यांदा जिंकली, आणि ते शेवटचंच. सकाळचा तो टाइम बघितल्यावर याला नुसतं नशीब म्हणायला जीभ रेटत नाही.

मोंझा

एकाच टीमनं एकाच सर्किटवर दोनदा धक्का दिला तो इथं. इटलीतली मिनार्डी ही कायम तळाची टीम, ती रेड बुलनं विकत घेऊन तोरो रोसो केली, आणि १४ सप्टेंबर २००८ ला २१ वर्षांच्या सेबास्टियन वेटेलनं पावसात पोल घेऊन रेस, पिट स्टॉपच्या वेळचे थोडे लॅप सोडले तर, पुढं राहूनच जिंकली. मालक टीम रेड बुल तोवर एकदाही जिंकलेली नव्हती, म्हणजे धाकटीचं लग्न आधी. दुसरा ड्रायव्हर बूर्दे पण चौथा क्वालिफाय झालेला, तेव्हा गाडीत दम होता हे मान्य करायला लागतं, सुटतानाच त्याची गाडी बंद पडली म्हणून त्याचं नाव कुठं येत नाही.

२०२० ला तीच टीम अल्फाटौरी नावानं, ड्रायव्हर पिएर गास्ली, ज्याला आदल्या वर्षी रेड बुलनं सीझनच्या मध्यातच काढून खाली पाठवलेला. दहावा सुटला. सेफ्टी कार यायच्या जरा आधी पिटला गेला, हॅमिल्टन पिट बंद असताना आत शिरला म्हणून त्याला पेनल्टी, मग लेक्लेर भिंतीत गेला आणि लाल झेंडा. इथपर्यंत सगळं गास्लीला आयतं मिळालं. पण शेवटचे कितीतरी लॅप मागनं कार्लोस साइन्झ मॅक्लारेन घेऊन येतोय, मोंझाला मागच्याला स्ट्रेटवर हवेचा फायदा मिळतो, आणि त्याला रेषेपर्यंत ०.४१५ सेकंदावर धरून ठेवणं हे कुणी आयतं दिलं नव्हतं. पानिसनंतर फ्रान्सचा तो पहिला विजेता.

हातातोंडाशी येऊन गेलेल्या

या प्रकारात जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्यांची यादी जास्त चांगली आहे. १९९७ ची हंगेरी बघा. डेमन हिल आदल्या वर्षीचा चॅम्पियन, पण विल्यम्सनं सोडलेला आणि ॲरोजमध्ये आलेला, जी गाडी त्या वर्षी पॉइंटाला महाग होती. उन्हात शुमाखरच्या फेरारीचे गुडइयर टायर फोड येऊन खराब व्हायला लागले, हिलच्या ब्रिजस्टोनला काही नाही, अकराव्या लॅपला त्यानं शुमाखरला सरळ मागं टाकला आणि अर्ध्या मिनिटाच्या वर पुढं गेला. शेवटच्या लॅपांत हायड्रॉलिक्सचं प्रेशर गेलं. गिअर पडेना, थ्रॉटल नीट उघडेना, गाडी झिगझॅग करत कशीबशी चाललेली, व्हिलनव्ह गवतावर चाक घालून शेजारनं पुढं गेला. हिल दुसरा. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सची कामं करणाऱ्या कुणालाही हे सांगा, तो ड्रायव्हरबद्दल नाही, सीलबद्दल विचारेल. ॲरोज १९७८ पासून २००२ पर्यंत पळाली आणि एकही रेस न जिंकता बंद झाली.

१९९९ ला न्युर्बुर्गरिंगला पाऊस-ऊन-पाऊस चाललेला आणि जो पुढं जाईल तो बाद होत होता, फ्रेंट्झेन, कूल्टहार्ड, फिसिकेला, एकामागून एक. १४ वा सुटलेला जॉनी हर्बर्ट स्टीवर्ट टीमला तिचा एकमेव विजय देऊन गेला. पण त्या रेसचं म्हणून जे चित्र लोकांच्या डोक्यात आहे ते लुका बाडोएरचं. मिनार्डीतनं तो चौथा होता, गिअरबॉक्स गेला, आणि तो गाडीपाशीच टेकून रडत बसला. त्याला आख्ख्या करिअरमध्ये एकही पॉइंट मिळाला नाही. दहा वर्षांनी जखमी फेलिपे मासाच्या जागी फेरारीनं त्यालाच बसवला, आणि वर सांगितलेल्या २००९ च्या स्पाला, जिथं फेरारीच जिंकली, तिथं दुसऱ्या फेरारीत बाडोएर सुटला शेवटचा आणि आला पण शेवटचा. अनपेक्षित कामगिरी खालच्या बाजूलाही होते, त्याचं यापेक्षा चोख उदाहरण नाही.

वादाची उदाहरणं

पास्टर माल्डोनाडो, २०१२ स्पेन, विल्यम्स. हॅमिल्टनच्या गाडीत पेट्रोल कमी उरलं म्हणून त्याला शेवटी पाठवला आणि माल्डोनाडोला पोल मिळाली, यावरनं बरेच जण ही उदाहरणातनं काढतात. पण रेस कोरडी, मागं अलोन्सो त्याच्या घरच्या मैदानावर, आणि त्याला पिट स्टॉपच्या हिशोबात हरवून तीन सेकंदानं जिंकला. करिअरमध्ये पहिल्या तिनात आला तो एकदाच, तोही पहिला. नंतर त्यानं ठोकलेल्या गाड्यांमुळं लोक त्याची टिंगल करतात, ती त्या रविवारला लावायचं कारण नाही.

उलट २००५ ची इंडियानापोलिस. मिशेलिनचे टायर बँकिंगला, म्हणजे तिरक्या उताराच्या वळणाला, टिकेनात म्हणून चौदा गाड्या सुटण्याआधीच आत गेल्या, सहा गाड्या धावल्या आणि नारायण कार्तिकेयन चौथा आला, पाच पॉइंट, भारतीय ड्रायव्हरचे पहिले. अभिमान आपल्या जागी, पण सहात चौथा याला अनपेक्षित म्हणता येत नाही.

२०२० ची साखीर रेस मात्र धरायची. सर्जिओ पेरेझला पहिल्याच लॅपला धक्का बसून तो शेवटी गेला, मर्सिडीजनं रसेलला चुकून बोत्तासचे टायर लावले, आणि पेरेझ आपल्या १९० व्या रेसला पहिल्यांदा जिंकला, पुढच्या वर्षाची सीट हातात नसताना. त्याच दिवशी त्याच ठिकाणी मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूची, म्हणजे एफ-वनच्या खालच्या पायरीची, रेस जिंकणारा पहिला भारतीय ठरला, आणि आपल्याकडं जरा तरी माहिती असणाऱ्यांना त्या दिवशी कुठली बातमी आधी सांगायची हेच कळेना. २०२५ ला सिल्वरस्टोनच्या पावसात निको हुल्केनबर्ग सॉबरमधनं १९ वा सुटून तिसरा आला, २३९ व्या रेसला पहिल्यांदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, २०१० पासून पळतोय बिचारा.

बेंगळूरच्या कुश मैनीनं २०२५ ला मोनॅकोत फॉर्म्युला टूची स्प्रिंट, म्हणजे छोटी रेस, जिंकली, तिथं जिंकणारा पहिला भारतीय. पण स्प्रिंटला पहिल्या दहाची रांग उलटी लावतात आणि तो पहिल्या जागेवरून सुटलेला, त्यामुळं ही इथं घ्यायची की नको यावर मतं वेगवेगळी आहेत. मोनॅकोत पुढं सुटणं म्हणजे निम्मी रेस, असं ज्यांना वाटतं ते घेत नाहीत.