एकाच कारखान्याचा बर्फ

गोव्यात मांडवीकाठच्या मालीम जेटीवरून ट्रॉलर समुद्रात निघतात ते बर्फ भरूनच. बर्फ कमी पडला की मासळी गेली. अशाच एका जेटीचा हिशेब मांडू, आकडे काल्पनिक. बर्फाच्या एका लादीला, मालकाचा रास्त मोबदला धरून, 40 रुपये खर्च येतो. भाव 100 असला तर दिवसाला 100 लाद्या खपतात, आणि भाव 10 रुपयांनी उतरला की खप 50नी वाढतो.

कारखाने पुष्कळ असले तर भाव 40च्या आसपास येतो. कोणी 50 मागितले तर तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा म्होरक्या, शेजारच्याकडे वळतो. खप 400 लाद्या.

कारखाना एकच असला तर? मक्तेदार मनाला येईल तो भाव लावतो, असा समज आहे. तसे नसते. 100च्या भावाने नफा 6,000, 80च्या भावाने 8,000, आणि 70 केला तर पुन्हा 7,500. असे का? भाव 80वरून 70वर आणला की वाढीव 50 लाद्यांचे 3,500 रुपये येतात. पण आधीच्या 200 लाद्यांवरही 10-10 रुपये सोडावे लागतात, ते 2,000 गेले. वर नव्या लाद्यांचा खर्च 2,000. म्हणजे 500 रुपयांची खोट. म्हणून मक्तेदार 80वर थांबतो. अनेकांतल्या एकाला ही अडचण नसते, कारण त्याच्या दहा-वीस लाद्यांनी बाजारभाव हलत नाही.

मालकाला मिळालेले 8,000 निदान कोणाच्या तरी खिशात गेले. खरे नुकसान न बनलेल्या 200 लाद्यांचे आहे. त्या घेणाऱ्यांना 40हून जास्त, 80पर्यंत मोलाच्या होत्या, म्हणजे खर्चाहून सरासरी 20 रुपये जास्त; हे बुडालेले मोल 4,000 रुपये, आणि ते कोणालाच मिळत नाही.

सरकारने 70ची कमाल मर्यादा घातली तर मक्तेदार 250 लाद्या विकतो, म्हणजे माल वाढतो! स्पर्धेच्या बाजारात मात्र 40च्या खाली मर्यादा घातली की टंचाई येते. विजेच्या तारांचे दुहेरी जाळे उभारणे परवडत नाही, तिथे मक्तेदारी ठेवून दर बांधून देणेच शहाणपणाचे. गोव्यात विजेचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो.

जेटीवर दुसरा कारखाना आला, तरी दोघांनी संगनमत करून 80च ठेवले तर तांडेलाला फरक पडत नाही. 2002च्या स्पर्धा कायद्याचे कलम 3 अशा करारांसाठी आहे. कलम 4 मोठे असण्याला हरकत घेत नाही, त्या बळाच्या गैरवापराला घेते.