तस्करीचा आकडा नेमकं मोजतो काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, 2016 सालच्या अहवालात मानवी तस्करीचे 8,132 गुन्हे आहेत. 2022 सालच्या अहवालात 2,250. सहा वर्षांत ही तस्करी जवळजवळ पाऊण हिश्श्यानं घटली, असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर त्याला आधी तक्त्यांचे मथळे वाचायला बसवावं. 2016 मध्ये या सदरात दंड संहितेची अनेक कलमं आणि 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोलिसांच्या तोंडचा 'पिटा', असं सगळं एकत्र धरलं होतं. पुढे अहवालातलं हे प्रकरण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मानव तस्करीविरोधी कक्षांनी कळवलेल्या माहितीवर उभं राहू लागलं. दलाल कमी झाले की नाही ते या दोन आकड्यांवरून कळत नाही. मोजायची रीत बदलली, एवढंच कळतं.

ही रीत कागदोपत्री कशी चालते ते पाहू. इंदूरहून दीडेकशे किलोमीटरवर बडवानी जिल्हा आहे, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. तिथली आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला महाराष्ट्रात आणि गुजरातेत जातात. मुकादम आधी उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचं एक एकक, धरला जातो, आणि हंगामभर त्या उचलीतून मजुरी वळती होते. आता समजा, हंगाम संपला तरी मुकादम चाळीस जणांच्या एका टोळीला सोडत नाही. उचल फिटलेली नाही म्हणतो, मोबाइल काढून घेतो, फडावर पहारा बसवतो. आणि त्याच टोळीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीला त्याचाच माणूस दुसरीकडे कामाला म्हणून नेतो आणि विकतो.

टोळीची सुटका बहुधा उपविभागीय अधिकाऱ्याच्या हातून होईल. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली तो प्रत्येकाला मुक्ती प्रमाणपत्र देतो. हा कायदा महसूल खात्याच्या हातात आहे. त्यातला खटलासुद्धा कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालवता येतो, न्यायालयाची पायरी चढावी लागतेच असं नाही. पोलिसांनी वेगळा गुन्हा नोंदवला नाही, तर चाळीस माणसांची ही सुटका तस्करीच्या तक्त्यात दिसणारच नाही. ठाणेदारालाही पळवाट आहे. दंड संहितेच्या कलम 370 ची (काश्मीरचं ते वेगळं) 2013 साली नव्यानं मांडणी झाली. त्यात शोषणाच्या व्याख्येत लैंगिक शोषण, गुलामगिरी, दास्य, अवयव काढणं हे स्पष्ट लिहिलं होतं, पण सक्तीची मजुरी हे शब्द नव्हते. दंड संहितेच्या जागी जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये भीक मागायला लावण्याची भर पडली, मजुरीची नाही. मजुरांच्या पिळवणुकीला 'दास्य' म्हणायचं की 'पगाराचा वाद', हे फिर्याद लिहिणारा हवालदार ठरवतो. पहिलं ठरवलं तर तपास, जबाब, दुसऱ्या राज्यात खेपा. दुसरं ठरवलं तर एक अर्ज घेऊन काम संपतं.

मुलीचं काय? आईबापांनी ती हरवल्याची तक्रार दिली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2013 च्या आदेशानुसार गुन्हा नोंदवावाच लागतो आणि तो अपहरणाचा धरला जातो. चार महिन्यांत मुलगी सापडली नाही, तर तपास तस्करीविरोधी कक्षाकडे द्यायचा असतो. समजा ती त्याआधीच सापडली, तिच्यावर अत्याचार झाल्याचं निघालं आणि पॉक्सोची, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची, कलमं लागली. एनसीआरबीचा एक जुना नियम असा, की एका गुन्ह्यात अनेक कलमं असली तर ज्याला सर्वांत मोठी शिक्षा तेच मोजायचं. अल्पवयीन मुलीच्या तस्करीला किमान दहा वर्षं, पॉक्सोच्या कलम 6 ला किमान वीस. त्या हिशेबात तस्करी मागे पडली. नियम चुकीचा नाही. एकच घटना दोनदा मोजली जाऊ नये म्हणून तो आहे. पण तस्करी हा स्वभावानंच इतर गुन्ह्यांना चिकटून येणारा गुन्हा आहे, आणि अशा गुन्ह्याला हा नियम हटकून गिळतो.

आणखी एक गोष्ट: गुन्हा जिथं नोंदला जातो तिथंच मोजला जातो. बडवानीची मुलगी महाराष्ट्रात सापडली आणि गुन्हा तिथं दाखल झाला, तर आकडा महाराष्ट्राचा. तस्करीच्या यादीत तेलंगण आणि महाराष्ट्र सतत वर दिसतात. त्यांना नावं ठेवण्याआधी तिथले पोलीस गुन्हा त्या कलमाखाली लिहून तरी घेतात, हे लक्षात घ्यावं. यादीच्या तळाशी असलेल्या राज्याबद्दल मला जास्त शंका येते.

2022 च्या तक्त्यांत 6,036 बळी आहेत आणि सुटका झालेले 6,693. बळींपेक्षा सुटलेले जास्त कसे? सुटका झालेल्यांत आधीच्या वर्षांतल्या प्रकरणांची माणसंही येतात म्हणून. गुन्हे, बळी आणि अटक झालेले 5,864 जण या तीन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि बातमीत त्या सर्रास एकमेकींवर ठेवल्या जातात.

सर्वांत फसवा आकडा दोषसिद्धीच्या दराचा. समजा एका राज्यात तस्करीचे 500 खटले पडून आहेत. वर्षभरात 20 निकाली निघाले, 5 मध्ये शिक्षा झाली. दर झाला 25 टक्के, कारण छेद 20 चा धरतात, 500 चा नाही. पुढच्या वर्षी फक्त 4 निकाली निघाले आणि 2 मध्ये शिक्षा झाली, तर दर थेट 50 टक्के. कामगिरी दुपटीनं सुधारली, असं मंत्रालय सांगू शकतं आणि त्यात खोटं काहीच नसतं. म्हणून हा दर वाचताना प्रलंबित खटल्यांचा रकाना शेजारी उघडा ठेवावा.

मग नोंदलेच न गेलेले बळी किती, हे कळायचं कसं? संख्याशास्त्राकडे एक उपाय आहे. आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावावर बदकं किती, हे एकेक करून मोजता येणार नाही. पण 100 बदकं पकडून पायात कडी घालून सोडली, काही दिवसांनी पुन्हा 80 पकडली आणि त्यांतल्या 20 च्या पायात कडी निघाली, तर एकूण बदकं सुमारे 400. दुसऱ्या खेपेत कडीवाली चौथा हिस्सा, म्हणून पहिली 100 हा एकूण संख्येचा चौथा हिस्सा. माणसांच्या बाबतीत पकडापकडीऐवजी याद्या वापरतात: पोलिसांची, संस्थांची, स्थानिक प्रशासनाची. किती नावं एकाहून जास्त याद्यांत येतात, यावरून एकाही यादीत नसलेल्यांचा अंदाज बांधतात. ब्रिटनच्या गृहखात्याचे तेव्हाचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी 2014 साली हेच केलं. नोंदीत संभाव्य बळी होते 2,744. त्यांचा अंदाज निघाला 10,000 ते 13,000.

त्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त वाटते. याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात, ही या हिशेबाची अट. पण स्वयंसेवी संस्थाच पोलिसांना खबर देत असेल, तर दोन्ही याद्यांत तीच नावं येणार, सामाईक नावं फुगणार आणि अंदाज खाली घसरणार. उलट एका यादीत फक्त लहान मुलं आणि दुसरीत फक्त वीटभट्टीवरचे मजूर असतील, तर सामाईक नावं जवळपास शून्य आणि अंदाज आभाळाला.

आपल्याकडे अडचण त्याच्याही आधीची आहे. गुन्ह्याचा क्रमांक ठाण्याचा आणि त्या वर्षापुरता. न्यायालयात गेल्यावर खटल्याला वेगळा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. पोलीस, न्यायालय, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकील यांची माहिती जोडण्यासाठी आयसीजेएस ही यंत्रणा उभी केली आहे. ती पुरती चालली तर एखाद्या तस्करीच्या गुन्ह्याचा फिर्यादीपासून निकालापर्यंत माग काढता येईल. मात्र या पाच खात्यांत महसूल खातं नाही, आणि फडावरून सुटलेल्या त्या चाळीस जणांची प्रमाणपत्रं महसूल खात्याच्याच फायलीत असतात.