बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया: निर्णय रुग्णाचा, तयारी घराची

बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागात मधुमेहाने आणि गुडघेदुखीने जेरीस आलेल्या स्थूल रुग्णाला डॉक्टरांनी ‘ऑपरेशनचा विचार करा’ असे सुचवले, की घरात पहिली चर्चा खर्चाची होते आणि दुसरी जिवाच्या भीतीची. वजन उतरवण्यासाठी दुर्बिणीतून होणारी जठराची ही (बॅरिॲट्रिक) शस्त्रक्रिया बहुधा काही तासांतच उरकते. त्यानंतर जन्मभर या माणसाच्या ताटाकडे, गोळ्यांकडे आणि मनाकडे लक्ष कोण ठेवणार, ही तिसरी चर्चा मात्र राहून जाते आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरच व्हायला हवा.

‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पोट लहान झाल्याने माणूस कमी जेवतो, हे अर्धेच उत्तर झाले. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तोच भाग जात असल्याने ते घटते, तर अन्न आतड्यात लवकर पोहोचू लागल्याने तृप्तीची जाणीव देणारे व इन्सुलिनला चालना देणारे जीएलपी-१ वाढते. त्यामुळे अनेकांची रक्तातील साखर वजन उतरण्याआधीच खाली येते. जुन्याच मात्रेत इन्सुलिन चालू ठेवणे मग धोक्याचे ठरते.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे मोजमाप) ३५ किंवा त्याच्या पुढे असल्यास, आणि आशियाई लोकांमध्ये २७.५ पासूनच, या उपचाराचा विचार करता येतो. भारतीय विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत मात्र ४० ची, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ ची अट आहे. डॉक्टरांच्या लेखी पात्र ठरलेला रुग्ण विमा कंपनीच्या लेखी अपात्र ठरू शकतो, हे आधीच विचारून घेतलेले बरे.

घरी आल्यावर काही आठवडे पातळ, मग मऊ आणि नंतर नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात आणि एका अंड्यात ती जेमतेम ६ ग्रॅम असतात. भाकरी आधी खाल्ली तर लहानशी पिशवी तिनेच भरते, म्हणून आधी अंडे, पनीर किंवा घट्ट वरण, आणि जागा उरली तरच भाकरीचा तुकडा. जेवताना पाणी नाही, ते अर्ध्या तासाने. आहाराचा तक्ता इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये मिळाला, तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसमोर तो मराठीत समजावून मागावा.

खरी कसोटी पंगतीत लागते. बायपास झालेल्या माणसाच्या पानात कुणी आग्रहाने कुंदा किंवा मांडा वाढला आणि त्याने मन राखण्यासाठी खाल्ला, तर दाट साखर एकदम आतड्यात उतरते, रक्तातील पाणी तिकडे ओढले जाते आणि अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडणे, घाम, पोटात मुरडा, जुलाब सुरू होऊ शकतात. यालाच ‘डंपिंग’ म्हणतात. ‘एक घास घे, काही होत नाही’ म्हणणाऱ्या मावशी-काकूंना हे कुणीतरी आधीच सांगून ठेवायला हवे. ते काम रुग्णाने एकट्याने करायचे नसते.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात आणखी एक पथ्य अवघड जाते. धूम्रपानाने बायपासच्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचेही तेच. दारू लवकर चढते आणि खाण्यात विसावा शोधणारे मन तिच्याकडे वळू शकते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीची मानसोपचारतज्ज्ञांची भेट केवळ सहीपुरती नसावी. तरुण स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. ‘गोड बातमी कधी?’ असे विचारणाऱ्या सासरला तेही ठाऊक हवे.

बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासावे लागते. खानापूरकडच्या वाड्यांतून शहर गाठणे सोपे नसल्याने सोबत कोण जाईल, हेही आधीच ठरवावे. सतत उलट्या होत असतील तर गावातल्या दवाखान्यात नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेणे घातक ठरू शकते, कारण शरीरातील थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपत आले असताना ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. त्याआधी थायमिन द्यावे लागते. कोणती शस्त्रक्रिया कधी झाली आणि शल्यचिकित्सकाचा फोन क्रमांक काय, हे लिहिलेले कार्ड रुग्णाच्या खिशात आणि घरातल्या आणखी एकाच्या तरी पाकिटात असावे.