शाफ्ट्सबरी, सातवा अर्ल (अँथनी अ‍ॅशली-कूपर)

(२८ एप्रिल १८०१ – १ ऑक्टोबर १८८५). इंग्लंडमधील उमराव, हुजूर पक्षाचा संसदपटू व कामगारविषयक कायद्यांचा पुरस्कर्ता. १८५१ मध्ये वडील वारले आणि तो अर्ल झाला. तोवर लॉर्ड अ‍ॅशली या नावाने तो ओळखला जाई. गिरण्या, कोळशाच्या खाणी, मनोरुग्णालये आणि गरिबांच्या शाळा यांच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासात त्याचे नाव वारंवार येते. सामान्य माणसाला मताचा अधिकार द्यावा, हे मात्र त्याला कधीच पटले नाही.

त्याचा जन्म लंडनमध्ये झाला. आई मार्लबरोच्या ड्यूकची मुलगी. आईवडील दोघेही मुलांशी कठोरपणे वागत. त्याला माया मिळाली ती घरची कारभारीण मरिया मिलिस हिच्याकडून. तिनेच त्याला प्रार्थना शिकवल्या आणि मरताना आपले सोन्याचे घड्याळ त्याच्यासाठी ठेवले. ते त्याने आयुष्यभर वापरले. हॅरोच्या शाळेत असताना त्याने एका दरिद्री माणसाची अंत्ययात्रा पाहिली. दारू प्यायलेल्या खांदेकऱ्यांच्या हातून शवपेटी रस्त्यावर पडली आणि ते शिव्या देऊ लागले. गरिबांसाठी झटायचे आपण तेव्हा ठरवले, असे तो पुढे सांगत असे. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजातून त्याने १८२२ मध्ये अभिजात भाषांत पहिला वर्ग मिळवला.

१८२६ मध्ये तो वुडस्टॉकमधून कनिष्ठ सभागृहात गेला. हा मतदारसंघ आजोळच्या मुठीत असल्याने निवडणूक नावापुरतीच होती. १८२८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रण मंडळावर त्याची नेमणूक झाली. पण त्याचे मन वळले ते वेगळ्याच प्रश्नाकडे. लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील एका खाजगी वेडागारात रुग्णांना शनिवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत गवतावर साखळदंडाने बांधून ठेवत. १८२७ च्या संसदीय समितीपुढे हे उघड झाले, आणि त्या समितीत अ‍ॅशली होता. पुढे १८४५ मध्ये वेडागारांच्या तपासणीसाठी कायमचा आयोग नेमला गेला, तेव्हा तो त्याचा अध्यक्ष झाला आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिला. त्याच्या साऱ्या कामांत हे सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कमी गाजलेले काम.

गिरणी कामगारांची बाजू त्याच्याकडे काहीशी योगायोगाने आली. दहा तासांच्या दिवसाची मागणी संसदेत मांडणारा मायकेल सॅडलर १८३२ च्या निवडणुकीत हरला. तेव्हा चळवळीचे लोक १८३३ च्या आरंभी अ‍ॅशलीकडे आले. कापडगिरणी आतून कशी असते हे त्या वेळी त्याला फारसे ठाऊक नव्हते. त्याचे विधेयक फेटाळून सरकारने स्वतःचा कायदा आणला. रेशमाच्या गिरण्या वगळता नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी, नऊ ते तेरा वयाच्या मुलांना आठवड्याला ४८ तास आणि मुख्य म्हणजे चार सरकारी निरीक्षक, अशा त्याच्या तरतुदी होत्या. निरीक्षकांविना आधीचे कायदे कागदावरच राहिले होते.

१८४२ मध्ये खाणींच्या चौकशीचा अहवाल चित्रांसह प्रसिद्ध झाला. कमरेला पट्टा आणि पायांमधून साखळी घेऊन कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुली, अंधारात दिवसभर हवेचे दार उघडझाप करत बसलेली लहान मुले ही चित्रे पाहून सुशिक्षित इंग्लंड हादरले. अ‍ॅशलीने ती संधी साधली आणि स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरवण्यास बंदी करणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला. उमरावांच्या सभागृहात खाणमालकांनी तो बराच पातळ केला, तो भाग वेगळा.

दहा तासांचा कायदा १८४७ मध्ये झाला, तेव्हा अ‍ॅशली सभागृहात नव्हता. परदेशी धान्यावर जकात बसवणाऱ्या धान्य कायद्यांच्या बाजूने तो डॉर्सेटमधून निवडून आला होता. ते रद्द झाले पाहिजेत असे मत बनल्यावर त्याने १८४६ मध्ये राजीनामा दिला, आणि विधेयक जॉन फील्डन या गिरणीमालकानेच तडीस नेले. कायदा स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुलांपुरता होता, तरी त्यांच्याविना गिरणी चालत नसल्याने पुरुषांचेही तास आपोआप कमी होतील अशी अटकळ होती. मालकांनी पाळ्या लावून ती चुकवली. अखेर १८५० मध्ये कामाच्या वेळा निश्चित करून घेण्यासाठी अ‍ॅशलीने साडेदहा तास मान्य केले. अनेक कामगारांनी त्याला दगाबाज ठरवले. घड्याळाचे काटे ठरल्याखेरीज कोणताही कायदा टिकणार नाही, हे मात्र त्याने ओळखले होते.

धुरांडी साफ करण्यासाठी त्यांत मुले चढवण्याविरुद्धची लढाई याहून रेंगाळली. १८४० आणि १८६४ चे कायदे कोणी पाळले नाहीत. १८७५ मध्ये केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर हा लहान मुलगा धुरांड्यात अडकून मेला. त्यानंतर धुरांडी साफ करणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला आणि ही प्रथा संपली.

या सगळ्यामागे इव्हँजेलिकल या बायबलनिष्ठ प्रॉटेस्टंट पंथावरची प्रखर श्रद्धा होती. ख्रिस्त लवकरच पुन्हा येणार याची त्याला खात्री होती. १८३२ आणि १८६७ चा मताधिकाराचा विस्तार, समाजवाद, कामगारांना मताधिकार मागणारी चार्टिस्ट चळवळ या सर्वांना त्याचा विरोध होता. गरिबांचे रक्षण हे उमरावाचे ईश्वरदत्त कर्तव्य, अशी त्याची धारणा. गिरणीमालक जॉन ब्राइटने १८४४ मध्ये डॉर्सेटच्या शेतमजुरांच्या दैन्याकडे बोट दाखवून त्याला घेरले. टीका अस्थानी नव्हती. पण डॉर्सेटमधील जहागीर तेव्हा वडिलांच्या हाती होती, आणि मजुरांच्या हलाखीवर जाहीर बोलल्याने बापलेकांत बिनसलेही होते. वारसा मिळाल्यावर त्याने मजुरांसाठी घरे बांधली, तीही कर्ज डोक्यावर असताना.

मुंबईच्या गिरण्यांचा विषय त्याने उतारवयात हाती घेतला. १८७५ च्या जुलैत उमरावांच्या सभागृहात बोलताना तेथील मुलांच्या आणि स्त्रियांच्या हालांबरोबर त्याने आणखी एक मुद्दा मांडला : कच्चा माल आणि स्वस्त मजुरी जवळ असलेल्या हिंदी मालकांना सोळा-सोळा तास काम घेऊ दिले, तर मँचेस्टरलाही त्यांच्याशी स्पर्धा जड जाईल. मुंबईच्या गिरणीमालकांना त्यामुळे आयतेच हत्यार मिळाले. हा कळवळा लँकेशरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परगण्यातील, कापडधंद्यासाठी आहे, असे ते म्हणू लागले. लँकेशरचा हितसंबंध खोटा नव्हता, पण मुलांचे हालही खोटे नव्हते. मुंबईतच सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये विधेयकाचा मसुदा केला होता. प्रांतिक सरकारने तो पुढे जाऊ दिला नाही. शाफ्ट्सबरीने १८७९ मध्ये प्रश्न पुन्हा उठवला आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना बंदी आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास, एवढेच त्याने साधले. स्त्रियांचा त्यात उल्लेख नव्हता.

शाफ्ट्सबरी फोकस्टन येथे वारला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत प्रार्थना झाली, तेव्हा लंडनचे गरीब लोक रस्त्यांवर दुतर्फा उभे होते. दफन त्याच्या इच्छेनुसार गावी, विम्बोर्न सेंट जाइल्स येथे झाले. लंडनच्या पिकॅडिली सर्कस या चौकातील आल्फ्रेड गिल्बर्टचे पंखधारी पुतळ्याचे कारंजे (१८९३) हे त्याचेच स्मारक. तेथे जमणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते.

मुंबईत १८८१ च्या कायद्यानंतरची मागणी कामगारांतून आली. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सभा भरवून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगाला दिले. १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ आणि स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा झाला. इंग्लंडमध्ये स्त्रियांचे तास बांधल्यावर गिरणीच थांबे. मुंबईत स्त्रिया प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असल्याने बाकीची गिरणी चालूच राही. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्याने.