फ्युएल ट्रिम

पेट्रोल इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इंधनाच्या ठरलेल्या मापात जी दुरुस्ती करतो, तिची टक्केवारी म्हणजे फ्युएल ट्रिम. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर लावला की लाइव्ह डेटात ती दिसते. अधिक चिन्ह असेल तर ईसीयू जादा पेट्रोल सोडतो आहे, उणे असेल तर हात आखडता घेतो आहे.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. किती हवा आत आली हे पाहून ईसीयू इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो, आणि हिशेब जमला की नाही हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर कळवतो. बॉशने १९७६ मध्ये हा सेन्सर बाजारात आणला. त्याच्या साध्या प्रकारात व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान खालीवर होत राहते, ०.४५ च्या खाली मिश्रण लीन (पेट्रोल कमी), वर रिच (पेट्रोल जास्त). शॉर्ट टर्म ट्रिम ही त्या क्षणाची दुरुस्ती, तर लाँग टर्म ट्रिम ही ईसीयूने शिकून लक्षात ठेवलेली. दोन्हींची बेरीज घ्यायची असते. शॉर्ट +१२ आणि लाँग −१० असेल तर खरी दुरुस्ती जेमतेम +२. बेरीज ±५ च्या आसपास असली की काळजी नाही. लाँग टर्म २०-२५ च्या पलीकडे गेली की बहुतेक गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो.

लीन मिश्रणाचा स्कॅनरवर दिसणारा नेहमीचा बिघाड-कोड पी०१७१. कोणता पार्ट गेला हे तो सांगत नाही, तरी पुष्कळ गॅरेजांत पहिल्यांदा ऑक्सिजन सेन्सरच बदलला जातो. म्हणजे तक्रार घेऊन आलेल्यालाच शिक्षा. खरे निदान ट्रिम कोणत्या वेळी वाढते यावरून होते.

थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे एखादा व्हॅक्यूम पाइप फाटला, तर तिथून शिरणारी हवा मास एअरफ्लो सेन्सरच्या, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या, मोजणीत येत नाही. समजा, आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) सेन्सर सेकंदाला ३ ग्रॅम हवा दाखवतो आणि गळतीतून ०.६ ग्रॅम शिरते. ट्रिम +२० होईल. आरपीएम २५०० ला नेले की मोजलेली हवा १२ ग्रॅमवर जाते, गळती तेवढीच राहते, आणि ट्रिम +५ वर उतरते. आयडलला जास्त, रेस दिल्यावर कमी, ही व्हॅक्यूम गळतीची खूण. पंप दुबळा किंवा पेट्रोल फिल्टर चोंदलेला असेल तर उलटे घडते: आयडलला सगळे ठीक आणि चढावर लोड आला की ट्रिम चढते.

घोटाळा होतो तो इथेच, कारण मळलेला मास एअरफ्लो सेन्सरही लोडवर असाच दिसतो. त्यातली तापलेली तार वाहत्या हवेने थंड होते आणि तिला गरम ठेवायला लागणाऱ्या विजेवरून हवा मोजली जाते. तारेवर धूळ किंवा ऑइल लावलेल्या एअर फिल्टरचा चिकटा बसला की मोजणी कमी येते. पंप की सेन्सर हे आकडेमोडीने ठरते. २ लिटरचे टर्बो नसलेले इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला १०० लिटर, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १२० ग्रॅम हवा ओढू शकते. प्रत्यक्षात धडधाकट इंजिनात १०० च्या आसपास दिसते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ, म्हणून अपेक्षा आणखी कमी ठेवावी. स्कॅनर ७० दाखवतो आणि ट्रिम बरीच अधिक आहे, तर सेन्सर खोटे बोलतो आहे. हवा पुरेशी दिसूनही मिश्रण लीन असेल तर पेट्रोलचा दाब तपासावा. हवा ७० पण ट्रिम शून्याजवळ असेल, तर सेन्सर बरोबर आहे आणि इंजिनच घुसमटले आहे. बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) किंवा एअर फिल्टर चोंदलेला असतो. हा तिसरा प्रकार हमखास चुकवला जातो.

भारतातल्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मास एअरफ्लो सेन्सर नसतो, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. गळतीने दाब वाढतो, ईसीयू त्या मानाने पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही, आयडल मात्र चढते. अशा गाडीवर वरचा नियम लावणे व्यर्थ.

ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भेग असेल किंवा एखादा सिलिंडर मिसफायर होत असेल, तर सेन्सरपाशी जादा ऑक्सिजन पोचतो आणि मिश्रण लीन नसताना लीन भासते. उणे ट्रिम तुलनेने कमी आढळते. गळका इंजेक्टर किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) ही तिची नेहमीची कारणे.

इंधन बदलले तरी ट्रिम सरकते. इथेनॉलला वजनाने जेमतेम ९ पट हवा पुरते, त्यामुळे ई१० (१० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) वरून ई२० (२० टक्के) वर आलेल्या जुन्या गाडीत ती काही टक्के अधिककडे झुकते. हा बिघाड नव्हे. नंतर बसवलेले सीएनजी किट नीट जुळवलेले नसेल, तर गॅसवर शिकलेली लाँग टर्म ट्रिम पेट्रोलवर लागू होते आणि गाडी पेट्रोलवर झटके देते. म्हणून अशा गाडीचे आकडे दोन्ही इंधनांवर वेगवेगळे घ्यावेत. बॅटरीची केबल काढल्याने पुष्कळ गाड्यांत शिकलेली ट्रिम पुसली जाते आणि दोन दिवस गाडी बरी वाटते, पण ईसीयू तेच पुन्हा शिकतो.